मॅजिक किंगडमचे फटाके: फॅन लोकांची मतं कशी वाचायची आणि आपली जागा कशी ठरवायची

फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम हे पार्क, त्याच्या रात्रीच्या फटाक्यांच्या शोबद्दल, म्हणजे हॅपिली एव्हर आफ्टरबद्दल, फॅन लोक काय म्हणतात ते वाचायला बसलं की थोड्या वेळात डोकं भणभणायला लागतं. एक जण म्हणतो अख्ख्या पार्कमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच, डोळ्यात पाणी आलं. दुसरा म्हणतो कसले फटाके, कॅसलवर नुसता व्हिडिओ चालतो आणि मागे अधूनमधून काहीतरी उडतं. तिसरीचं म्हणणं धूरच धूर होता, अर्धा शो दिसलाच नाही. आता पहिल्यांदा जाणाऱ्याने यातलं खरं कुणाचं मानायचं? तर तिघांचंही खरं आहे, फक्त तिघं वेगवेगळ्या जागी उभे होते, आणि हा शो असा आहे की तुम्ही पन्नास पावलं इकडे तिकडे सरकलात तरी वेगळंच काहीतरी दिसतं. म्हणून कुठलंही मत वाचलं की आधी विचारा, हा माणूस उभा कुठे होता, आणि मग विचारा, यानं बघितला कधी.

"कधी" आधी उरकून टाकते कारण ते सोपं आहे. २००३ च्या ऑक्टोबरपासून ११ मे २०१७ पर्यंत इथे विशेस नावाचा शो होता, साधारण बारा मिनिटांचा, आणि तो आकाशातला शो होता, कॅसलवर रंगीत लाइट पडायचे पण गोष्ट सांगायचे ते फटाकेच. कॅसलवरची प्रोजेक्शनं हा त्या काळात वेगळा कार्यक्रम होता. १२ मे २०१७ ला हॅपिली एव्हर आफ्टर आला आणि त्याने या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, अठरा मिनिटं, खाली कॅसलच्या भिंतींवर आणि बुरुजांवर चित्रं, वर फटाके, मध्ये लेझर, आणि सगळं संगीताच्या ठेक्यावर. ज्यांचा जीव विशेसमध्ये अडकलाय ते नव्याला "फटाके कमी" म्हणणारच आणि ज्यांनी पहिल्यांदा हाच बघितला त्यांना जुन्याचे व्हिडिओ साधे वाटणार. यांच्या भांडणात पडू नका, पण त्यातून एक कामाची गोष्ट उचला: या शोत बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं तरी कॅसलवर घडतं.

मग १ ऑक्टोबर २०२१ ला पार्कला पन्नास वर्षं झाली म्हणून एन्चांटमेंट नावाचा नवा शो आणला, आणि तेव्हा फॅन लोक खरंच नाराज झाले होते. पन्नासाव्या वाढदिवसाच्या शोत पार्कच्या इतिहासाबद्दल काहीच नाही ही मुख्य तक्रार, आणि ती मला तरी अगदी रास्त वाटली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरुवातीला वॉल्ट आणि रॉय डिस्नी या डिस्नी कंपनी उभारणाऱ्या भावांची आठवण जोडली गेली, पण तोपर्यंत लोकांचं मत बनून गेलं होतं. २ एप्रिल २०२३ ला तो बंद झाला आणि ३ एप्रिलला हॅपिली एव्हर आफ्टर परत आला. पण एन्चांटमेंटने एक चांगली गोष्ट मागे ठेवली, मेन स्ट्रीटच्या दुकानांच्या इमारतींवरही प्रोजेक्शन करायची पद्धत, आणि परत आलेल्या शोतही ती आहे. म्हणून तारीख बघणं महत्त्वाचं. २०१९ मधला कुणी म्हणत असेल की मेन स्ट्रीटवर मागे उभं राहिलं की काही मजा नाही, तर ते त्याच्या वेळच्या शोबद्दल आहे, आज तीच जागा खूप वेगळी झालीय. मी तर म्हणेन जागेबद्दलचं एप्रिल २०२३ च्या आधीचं मत असेल तर सरळ बाजूला ठेवा, संगीताबद्दल किंवा गोष्टीबद्दल असेल तर खुशाल वाचा.

आता "कुठे", आणि इथे खरा वेळ द्यायला पाहिजे.

आधी डोक्यात पार्कचा नकाशा आणा. गेटमधून आत आलात की टाउन स्क्वेअर, तिथून सरळ मेन स्ट्रीट, ती संपते तिथे मोठं गोल मोकळं मैदान, त्याला सगळे हब म्हणतात, आणि हबच्या पलीकडे सिंड्रेला कॅसल. कॅसल १८९ फूट उंच आहे, आणि मोठे फटाके उडतात ते कॅसलच्या पुष्कळ मागून, तिथे पार्कचा फँटसीलँड नावाचा भाग आहे त्याच्याही पलीकडून. म्हणजे फटाके आणि तुम्ही यांच्या मध्ये ही १८९ फुटांची इमारत उभी आहे. तुम्ही कॅसलच्या जितके जवळ जाल तितकं ते तुमचं आकाश झाकणार, हे साधं गणित आहे पण पहिल्यांदा येणाऱ्यांना वाटतं पुढे म्हणजे चांगलं, आणि मग दीड तास आधीपासून कॅसलच्या अगदी समोर जागा धरून बसतात, शो सुरू झाल्यावर मान वर करून करून दुखते, प्रोजेक्शन इतकं जवळून की पूर्ण चित्र एका नजरेत मावत नाही, आणि मागचे कमी उंचीचे फटाके तर दिसतच नाहीत. "फटाके फारसे नव्हतेच" म्हणणारे पुष्कळ लोक या जागेवरचे असतात. त्यांना विचारून बघा.

माझ्या मते पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी सगळ्यात चांगला पट्टा म्हणजे हबचं मेन स्ट्रीटकडचं टोक ते मेन स्ट्रीटचा साधारण मध्य. इथून कॅसल पूर्ण दिसतं, प्रोजेक्शनमधले चेहरे ओळखू येतात, कॅसलच्या डावी उजवीकडचं आकाश मोकळं मिळतं आणि दोन्ही बाजूच्या इमारतींवरची चित्रं पण तुमच्या आजूबाजूला चालतात. रस्त्याच्या मधोमध उभे राहा, फुटपाथवर दुकानांना चिकटून नको, कारण तिथून कॅसल तिरकं दिसतं आणि झाडं नाहीतर दिव्याचे खांब मध्ये येतात. हबमधल्या हिरवळीच्या जागा पण छान आहेत, बसायला मिळतं, पण शो सुरू झाला की पुढचे उभे राहतात आणि मग सगळ्यांनाच उभं राहावं लागतं, त्यामुळे बसून बघू अशी आशा धरून जाऊ नका.

त्याहून मागे, मेन स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला रेल्वे स्टेशन आहे, त्याच्या वरच्या मजल्यावरून बघणाऱ्यांची एक वेगळी टोळी आहे आणि ती आपल्या जागेबद्दल फार प्रेमाने बोलते. उंचीवर असल्यामुळे लोकांच्या डोक्यांचा प्रश्न नाही, अख्खी मेन स्ट्रीट खाली पसरलेली दिसते आणि फटाके कॅसलच्या वर नीट चौकटीत बसतात. तोटा हा की कॅसल लांब राहतं, बारीक प्रोजेक्शन नीट कळत नाही, आणि कठड्याला लागून असलेल्या जागा थोड्याच आहेत. शो संपल्यावर गेट मात्र अगदी जवळ, लहान मुलं झोपेला आली असतील तर हा फायदा छोटा नाही.

बाजूच्या जागा, म्हणजे उजवीकडे टुमॉरोलँड या भागाकडे जाणारा पूल किंवा डावीकडे लिबर्टी स्क्वेअर या भागाकडचा पूल, यांच्याबद्दल मतं एकदम टोकाची. गर्दी कमी, श्वास घ्यायला जागा, फटाके छान, पण प्रोजेक्शन कॅसलच्या समोरच्या बाजूवर बेतलेलं आहे त्यामुळे बाजूने ते अर्धवट दिसतं. उजवीकडच्यांना एक बोनस मिळतो, शेवटाकडे टिंकर बेल, म्हणजे पीटर पॅनच्या गोष्टीतली परी, कॅसलच्या टोकावरून तारेवरून झेपावते ती टुमॉरोलँडच्या दिशेने उतरते, म्हणजे त्यांच्या जवळून. ही खरी व्यक्ती असते बरं का, वाऱ्याचं किंवा विजांचं कारण असलं तर हा भाग गाळतात, म्हणून एखाद्याने "टिंकर बेल आलीच नाही, शो कापला" लिहिलं असेल तर त्या रात्रीच्या हवेमुळे असण्याची शक्यता जास्त.

आणि मग कॅसलच्या मागे, फँटसीलँड. मला ही जागा मनापासून आवडते पण पहिल्या वेळी अजिबात नको. इथे प्रोजेक्शन शून्य, गोष्ट शून्य, फक्त फटाके, आणि ते इतके जवळ की छातीत धडधड जाणवते, एक या बाजूला फुटतो एक त्या बाजूला, मान फिरवत राहावी लागते. विशेसवाल्या जुन्या फॅन लोकांना नवा शो पटत नसेल तर त्यांनी एकदा इथून बघावा, त्यांची फटाक्यांची तक्रार बरीचशी मिटेल. दोन रात्री असतील तर पहिली रात्र मेन स्ट्रीट आणि दुसरी फँटसीलँड, यापेक्षा चांगला प्लॅन मला माहीत नाही.

पार्कच्या बाहेरून बघायचा पर्याय पण आहे आणि त्याला उगाच दुय्यम समजतात. पॉलिनेशियन हॉटेलच्या किनाऱ्यावरून सेव्हन सीज लगूनच्या पाण्यापलीकडे कॅसल दिसतं, शोचं संगीत तिथे स्पीकरवर लावतात, पाण्यात फटाक्यांचं प्रतिबिंब पडतं, आणि नशीब असेल तर त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिकल वॉटर पेजंट नावाची पाण्यावरची दिव्यांची मिरवणूक पण समोरून जाते, जी १९७१ पासूनची आहे. प्रोजेक्शन इथून कळणार नाही हे धरूनच जा. अजून एक, लांबून बघताना आवाज उशिरा येतो, आवाजाला एक किलोमीटर यायला तीनेक सेकंद लागतात, त्यामुळे फटाका आधी फुललेला दिसतो आणि धडाम नंतर. काहींना याने रसभंग होतो, पण ज्या मुलांना मोठ्या आवाजाची भीती वाटते त्यांच्यासाठी हे वरदान आहे, आवाज सौम्य होतो आणि मूल शांतपणे बघतं. काँटेम्पररी हॉटेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर कॅलिफोर्निया ग्रिल आहे, तिथे जेवणाऱ्यांना बाहेरच्या गच्चीवरून शो बघता येतो, कॅसल बाजूने दिसतं पण फटाक्यांचा पूर्ण विस्तार इथून जितका कळतो तितका पार्कच्या आत कुठूनच कळत नाही.

पैसे देऊन डेझर्ट पार्टी, म्हणजे गोड खाणं आणि शो बघायला राखीव जागा, घ्यायची का, यावर फॅन लोक कधीच एकमत होणार नाहीत. यातसुद्धा जागाच बघा. टुमॉरोलँड टेरेसवर बसून बघायचं असेल तर तुम्ही बाजूने बघताय, वर सांगितलेले बाजूचे सगळे फायदे तोटे लागू. हबमधल्या राखीव बागेत उभं राहून बघायचं असेल तर समोरून बघताय, तासभर जागा धरायचा त्रास वाचतो. ज्यांना जास्त वेळ उभं राहणं जमत नाही त्यांच्यासाठी बसायच्या जागेचे पैसे मला योग्य वाटतात. नुसत्या गोड खाण्यासाठी घेत असाल तर नका घेऊ. ज्याने नाराजी लिहिलीय त्याने यातला कुठला प्रकार घेतला होता ते आधी शोधा, लोक दोन्हींना एकाच नावाने बोलवतात.

धुराचं आता. धुराची तक्रार वाचली की लोक घाबरतात पण तो पूर्णपणे त्या रात्रीच्या वाऱ्याचा खेळ आहे. कॅसलकडून मेन स्ट्रीटकडे वारा असेल तर सगळा धूर प्रेक्षकांच्या अंगावर येतो, वारा अजिबात नसेल तर धूर जिथल्या तिथे लोंबकळतो आणि शेवटचे मोठे फटाके ढगामागे फुटल्यासारखे दिसतात. संध्याकाळी इमारतींवरची निशाणं कुठल्या बाजूला फडकतायत ते बघून ठेवा आणि थोडं त्या हिशोबाने डावी उजवीकडे सरका. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी तर नक्कीच. पावसाचं म्हणाल तर उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी वीजवादळ येणं नेहमीचंच, हलक्या पावसात शो बहुतेक वेळा होतो, विजा चमकत असतील तर थांबवतात. पाऊस आला की अर्धी गर्दी निघून जाते, रेनकोट घेऊन थांबलेल्यांना मग जी जागा मिळते ती एरवी मिळणं अवघड.

किती वेळ आधी जायचं? मेन स्ट्रीटच्या मधल्या भागासाठी साधारण दिवशी पाऊण तास ते तास पुरतो, हबच्या हिरवळीसाठी त्याहून लवकर. चालायच्या वाटा टेप लावून मोकळ्या ठेवतात आणि तिथे उभं राहू देत नाहीत, म्हणून मोकळी जागा दिसली की आधी खाली टेप आहे का ते बघा, नाहीतर सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी तुम्हाला हलवतील आणि तेव्हा दुसरीकडे जागा नसेल. २० जुलै २०२५ पासून स्टारलाइट नावाची रात्रीची परेड पण सुरू झालीय, ती मेन स्ट्रीटवरूनच जाते, त्यामुळे वेळा डिस्नीच्या ॲपवर नीट जुळवून बघा, परेड बघायला थांबलेले लोक शोच्या वेळी तिथेच असतात आणि हिशोब बदलतो. टॉयलेट, पाणी, मुलांचं खाणं हे सगळं जागा धरायच्या आधी.

पोरांना खांद्यावर घ्यायचं की नाही, यावर फॅन लोक जितके तावातावाने बोलतात तितके फटाक्यांवर पण बोलत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, मागे भिंत किंवा झुडपं असतील तर घ्या, मागे माणसं असतील तर कडेवर घ्या, तुमच्या डोक्याच्या वर जाऊ देऊ नका. मागचा माणूस पण तितक्याच लांबून आलाय. तेच मोबाइलचं, छातीच्या उंचीवर धरा, आणि टॅबलेट तर बाहेर काढूच नका. चमचमणारे हेअरबँड शो सुरू झाला की बंद करा. सेल्फी स्टिकला पार्कमध्ये बंदी आहे, छोटा ट्रायपॉड बॅगेत मावणारा असेल तर चालतो पण गर्दीत तो उघडायला जागा कुठे असते. फ्लॅश बंद ठेवा, त्याचा फटाक्यांवर काडीचा परिणाम होत नाही, फक्त समोरच्याचं डोकं उजळतं.

जायच्या आधी पूर्ण व्हिडिओ बघावा का? मी नको म्हणते. संगीत ऐका हवं तर, कारण ओळखीचं संगीत तिथे ऐकलं की जास्त भिडतं, पण व्हिडिओत एक तर फक्त कॅसल असतं नाहीतर फक्त आकाश, आणि त्यावरून "ठीक आहे, बघितल्यासारखंच आहे" असं मत बनतं. कॅमेरा एका वेळी एकीकडे बघतो, या शोची मजा सगळीकडे एकदम चाललेलं असतं त्यात आहे.

एक गोंधळ मात्र जरूर टाळा. हॅलोवीन आणि ख्रिसमसच्या पार्ट्यांच्या रात्री वेगळं तिकीट असतं, साध्या तिकिटवाल्यांना साधारण संध्याकाळी सहानंतर थांबता येत नाही, आणि त्या रात्री हॅपिली एव्हर आफ्टर नसतो, पार्टीचे स्वतःचे शो असतात. शो बघायचाच असेल तर कॅलेंडर बघून पार्टी नसलेला दिवस घ्या, फक्त त्या रात्री गर्दी जास्त असणार कारण सगळ्यांनी हाच विचार केलेला असतो. आणि ३ व ४ जुलै, तसंच ३० व ३१ डिसेंबर, या रात्रींचे फटाके पार्कच्या चारी बाजूंनी उडवतात, तेव्हा वरचे सगळे नियम उलटे, हबच्या मधोमध उभं राहायचं आणि गोल फिरत बघायचं. त्या रात्रींचं कौतुक वाचून एखादा साध्या मंगळवारी गेला तर त्याला कमीच वाटणार, आणि मग तो पण जाऊन लिहितो की शो पूर्वीसारखा राहिला नाही.

शो संपला की लगेच गेटकडे धावू नका. अख्खी गर्दी एकाच रस्त्याने बाहेर पडते आणि मोनोरेलची रांग बघून जीव दमतो. मेन स्ट्रीटची दुकानं पार्क बंद झाल्यावरही थोडा वेळ उघडी असतात, तिथे रेंगाळा, नाहीतर हबमध्येच बसून राहा. पार्किंगकडे जायचं असेल तर मोनोरेल आणि फेरीबोट दोन्हींच्या रांगा बघून ठरवा, फेरीत एका वेळी खूप माणसं मावतात त्यामुळे लांब दिसणारी रांग पण भराभर सरकते. आणि टॅक्सी करणार असाल तर पायवाटेने चालत काँटेम्पररीला जा आणि तिथून बोलवा, दहा-बारा मिनिटं चालावं लागतं पण मोनोरेल, फेरी, दोन्हींची रांग वाचते.